हलालच्या सोबतीला तय्यब



खाण्याचं पाकीट हातात आलं की आपल्यापैकी अनेक जण ते उलटून बघतात. जिलेटिन कशाचं आहे, हलालचा शिक्का आहे का? सवय चांगलीच आहे. पण कुरआनात खाण्याबद्दल बोलताना हलालसोबत तय्यब हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे चांगलं, निर्मळ. आज मला त्या दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण त्याचा शिक्का मिळत नाही.

पाकिटावर एक हिरवं पान असतं. जाहिरातीत कंपनीने गावात बांधलेली शाळा दिसते. याचा आपल्यावर परिणाम होतो. किंमत सारखीच असेल तर चांगलं काम करणाऱ्या कंपनीचा माल घ्यावासा वाटतो. यात गैर काही नाही. अडचण अशी की कंपनी एकदा 'चांगली' वाटली की आपण पुढचं विचारतच नाही.

ती शाळा कुठून येते बघा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. म्हणजे ज्याला आपण दानत समजतो, ते अनेकदा कायद्याचं पालन असतं. शिवाय कंपनीचा नेहमीचा व्यवसाय या खर्चात धरता येत नाही. कच्चा माल कोणाकडून, कुठल्या दराने, कशा परिस्थितीत घेतला, हे त्या २ टक्क्यांत दिसतच नाही. मूळ नफा कसा आला, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

आपल्या राज्यातल्या साखरेचंच घ्या. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने दाखवून दिलं की महाराष्ट्रातल्या अशा उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठा साखळीत जाते. इफ्तारच्या दस्तरखानवर या बाटल्या किती असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग बहिष्कार घालायचा का? बहिष्काराच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि आठवडाभरात विरतात. नुसतं पिणं सोडल्याने ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातात जास्तीचा पैसा पडत नाही. नेमकी मागणी मात्र लागू पडते. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीसने किटकॅटविरुद्ध मोहीम काढली. त्यातल्या पाम तेलासाठी इंडोनेशियातली जंगलं तोडली जात होती. नेस्लेने आधी तो व्हिडिओ हटवायला लावला, त्यामुळे तो आणखीच पसरला. लोकांची मागणी एकच होती: जंगलतोड करणाऱ्यांकडून तेल घेऊ नका. मे महिन्यात कंपनीने तसं धोरण जाहीर केलं.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. सेबीच्या नियमानुसार देशातल्या सर्वात मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. शाळेचे फोटो सोडून द्या आणि कच्चा माल कुठून येतो ते शोधा. उत्तर नसेल तर ग्राहक सेवेला लेखी विचारा: तुमची साखर कोणत्या कारखान्याची आहे? तिथल्या ऊसतोड कामगारांना खाडा लावतात का? बायकांना आजारपणाची सुट्टी मिळते का?

एकट्याने विचारलं तर ठरावीक उत्तर येईल. पण आपण एकेकटे ग्राहक नाही. मोहल्ल्याचा इफ्तार, लग्नाचा वलीमा, मंडळाचा कार्यक्रम, सगळीकडे एकगठ्ठा खरेदी होते. ती ऑर्डर देणाऱ्या कमिटीने हेच तीन प्रश्न लेखी पाठवले, तर विक्रेत्याला ते वर कळवावे लागतील. येत्या रमजानआधी आपापल्या कमिटीत हा विषय काढा. त्या बैठकीत बायकाही असू द्या, कारण या साखरेची किंमत सर्वात जास्त बायकांनीच मोजली आहे.