लंडनच्या पाट्यांवरची अक्षरं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेत स्थानकांची नावं आणि जाहिराती यांची नुसती सरमिसळ होती. उतारू गोंधळायचे. रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांनी मग एडवर्ड जॉन्स्टन यांना खास अक्षरं आखायला सांगितली. जॉन्स्टन हे हाडाचे सुलेखनकार. त्यांची अक्षरं 1916 मध्ये वापरात आली.

या वळणाला ह्युमनिस्ट सॅन्स सेरिफ म्हणतात. अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, पण घडण मात्र हाताच्या लेखणीची. मोठ्या लिपीतल्या अक्षरांची प्रमाणं जुन्या रोमन शिलालेखांवरून घेतलेली. ‘ओ’ पूर्ण गोल, ‘ई’ त्यामानानं अरुंद. छोट्या ‘आय’वरचा ठिपका तर जरूर निरखून पाहा. तो गोल नाही, चौकटच्या आकाराचा आहे. तिरकस कापलेला बोरू टेकवला की अनुस्वार उमटतो ना, अगदी तसा!

अक्षरांच्या रुंदीतला हा फरकच वाचणाऱ्याच्या मदतीला येतो. प्रत्येक अक्षराची चण वेगळी, त्यामुळे लांबूनही एकाच्या जागी दुसरं वाटत नाही. म्हणून दिशादर्शक फलक, नकाशे, मोबाइलचा पडदा अशा ठिकाणी हे वळण फार उपयोगी पडतं.

जॉन्स्टन यांचे शिष्य एरिक गिल यांनी याच वाटेनं पुढे ‘गिल सॅन्स’ हा टाइप घडवला. तो 1928 मध्ये आला आणि पेंग्विन प्रकाशनाच्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांवर झळकला. जॉन्स्टन यांच्या अक्षरांची सुधारित आवृत्ती लंडनच्या स्थानकांवर आजही आहे. 2016 च्या आवृत्तीत हॅशचं चिन्हही आलं.