जर्मनीला निघण्याआधी घरात बसून करायचा हिशोब

जर्मनीला शिकायला जायचंय म्हणून आत्ता बरेच हात वर झाले. मी तिथून मास्टर्स करून आलोय. प्रवेशाची माहिती तुम्हाला कुठंही मिळेल, मी फक्त पैशांचं बोलतो.

एजंट सांगतात, तिथं शिक्षण फुकट. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ पासून बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. आणि फी नसली तरी पोट आहेच ना!

व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरा, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. आपल्याकडे ही रक्कम कशी उभी राहते? अब्बांचा पीएफ, अम्मीचे दागिने, मामूंकडून उसने. पूर्वी 'पढो परदेश' योजनेत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारची व्याज सवलत मिळायची. ती योजना २०२२-२३ पासून बंद झाली. व्याज नको म्हणून अनेक घरं नातेवाइकांकडे जातात. त्या कर्जाला व्याज नसतं, पण मुदत असते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. मामूंच्या मुलीचं लग्न दोन वर्षांवर असेल, तर तीच तुमची मुदत. म्हणून निघण्याआधी विचारा आणि कागदावर लिहा. "घरच्यांत लिखापढी कशाला?" असं कुणी म्हटलं, तर सूरह बकराची २८२ वी आयत दाखवा. उधारी लिहून ठेवायला तिथंच सांगितलंय.

आता ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही तिथं पोचून बँकेत साधं खातं उघडल्यावर. पण खोलीचं डिपॉझिट त्याआधीच मागतात. कायद्यानं ते मूळ भाड्याच्या तीन पटींपर्यंत असू शकतं. मूळ भाडं ३५० असेल तर १,०५० युरो डिपॉझिट, वर पहिल्या महिन्याचं भाडं. हे पैसे बारा लाखांत नाहीत, वेगळे न्यावे लागतात. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलं असेल तर ते हीटिंग आणि पाण्याशिवायचं भाडं. 'वार्म' विचारा, आणि वीज त्यात आहे का तेही विचारा.

पुढं दर महिन्याचं. समजा वार्म भाडं ४००, आरोग्य विमा १४५, जेवण २००, सेमिस्टरचे ३०० सहा महिन्यांत वाटले तर ५०, मोबाइल १०. झाले ८०५. शिवाय दर घरामागे १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, मात्र एका घरात तिघं राहत असाल तर तिघांत मिळून एकदाच. उरलेल्या पावणेदोनशेत थंडीचा कोट आणि परतीचं तिकीट बसवायचं. हे लहान शहराचं झालं. म्युनिकमध्ये ४०० ला खोली मिळणं कठीण. हलाल मटण आणि भाजी तुर्की दुकानांत मिळते. डाळ-भात शिकूनच जा, मुलांनो, हे मुद्दाम तुम्हाला सांगतोय!

"तिथं नोकरी करून भागवू," हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण जर्मन भाषा येत नसेल तर पहिल्या सहा महिन्यांत काम मिळेलच असं नाही. परीक्षेच्या महिन्यात तर मिळालेलं कामही सोडावं लागतं. नोकरीचा पैसा पहिल्या वर्षाच्या हिशोबात धरूच नका.

कारण वर्षभरानं परवाना वाढवताना पुढच्या खर्चाची तजवीज पुन्हा दाखवावी लागते. घरच्यांना वाटत असतं, बारा लाख दिले, काम झालं. मुलगा फोनवर "सब ठीक है" म्हणतो आणि नवव्या महिन्यात अचानक आणखी पैसे मागतो. तोवर दागिने गेलेले असतात. माझ्याबरोबरच्या एका मुलीनं दर महिन्याच्या पाच तारखेला खर्चाचा तक्ता घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नियम केला होता, उधारीसकट. तिच्या अब्बांना आठव्या महिन्यातच कळलं की पुढच्या वर्षासाठी किती कमी पडणार. त्यांना तजवीज करायला चार महिने मिळाले.

कुणी भाड्याचा करार किंवा विम्याचा कागद आणला असेल तर पुढे या, आपण आकडे तपासू.