सावलीला नाव असतं

एखाद्या मुलाला विचारा, “राणीच्या बागेत काय पाहिलंस रे?” तो लगेच बोटं मोजू लागेल. वाघ पाहिला, पेंग्विन पाहिले, हरणं पाहिली. त्याच्या आईला विचारा. ती म्हणेल, “सावली छान होती हो, दुपारभर बसलो.” पण ती सावली कोणाची, हे दोघांनाही सांगता येणार नाही. त्यांना कशाला नावं ठेवा? तुमचं-माझंही तसंच आहे. आज या सावलीच्या धन्याविषयी, म्हणजे झाडांविषयी, चार शब्द बोलायचे आहेत.

भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं म्हणून ती राणीची बाग. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती उभारली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागाईतीच्या संस्थेनं, आणि १८७३ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे आला. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचं. म्हणजे ज्यांना पाहायला आपण जातो ती जनावरं इथं मागाहून आलेली; मूळची बाग झाडांची. अशा बागेला वृक्षोद्यान म्हणतात.

तुम्ही म्हणाल, साध्या बागेत आणि वृक्षोद्यानात फरक तो काय? फरक असा, की साध्या बागेत झाड शोभेसाठी आणि सावलीसाठी लावतात. वृक्षोद्यानात झाड लावताना ते कोणत्या जातीचं, रोप कुठून आणलं, कोणत्या साली लावलं, याची नोंद ठेवतात आणि पाटी लावतात. ग्रंथालयात पुस्तकाला क्रमांक असतो ना, तसंच हे. क्रमांक हरवला की पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही.

या नोंदीचा उपयोग काय, हे उर्वशीच्या झाडावरून कळेल. उर्वशी मूळची ब्रह्मदेशातली. लाल-पिवळ्या फुलांचे लांब घोस खाली लोंबू लागले की झाडाला झुंबरं टांगल्यासारखी दिसतात. रानात हे झाड आता क्वचितच आढळतं. शिवाय त्याला बी सहसा धरत नाही. गुटी बांधून कलम करावं लागतं. तेव्हा जगभरच्या थोड्या बागांतल्या माळ्यांनी ते हातांनी जपलं, म्हणून टिकलं. त्यांपैकी एक बाग आपल्या भायखळ्याची. उद्या ‘हे कसलं तरी जुनं झाड’ म्हणून कोणी त्यावर कुऱ्हाड चालवली, तर काय गेलं हेदेखील कळणार नाही.

नाव हरवलं म्हणजे काय होतं, याचं घरचंच उदाहरण घ्या. तुमच्या इमारतीच्या कुंपणाशी सरळसोट उभं, लांबट पानांचं झाड असेल. त्याला सगळे अशोक म्हणतात. तो अशोक नव्हे! खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. त्याला शेंदरी फुलांचे गुच्छ येतात. आपण खोट्यालाच अशोक म्हणत राहिलो आणि खऱ्या अशोकाच्या सालीसाठी रानातली झाडं सोलली जात राहिली. आज तो रानात विरळ झाला आहे.

तर झाडं जपायची आणि माणसांना विसावाही द्यायचा, अशी दुहेरी जबाबदारी अशा बागेवर असते. या दोन गोष्टींचं नेहमी जुळतंच असं नाही. पायांखाली माती घट्ट झाली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट आणलं, तर झाड एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं झुरतं. म्हणून पायवाट ठरलेली हवी, बुंध्याभोवती मोकळं आळं हवं, गळलेला पाला तिथंच कुजू द्यायला हवा. यात फार पैसा लागत नाही. लक्ष मात्र लागतं.

आणि कधीकधी लक्षापेक्षाही जास्त काही लागतं. २००७ साली या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या नव्या रचनेचा मोठा आराखडा पुढे आला. आराखड्यात झाड म्हणजे एक टिंब! तेव्हा काही नागरिक, त्यांतही भगिनी पुढे, विचारू लागले की या टिंबांचं काय होणार. त्यांनी जाणकारांना बरोबर घेतलं, अर्ज केले, सभा घेतल्या, लोकांना बागेत नेऊन झाडं दाखवली. तीन हजारांवर झाडं असलेली ही जागा रिकामी नाही, हे त्यांना पटवून द्यावं लागलं. पुढे तो आराखडा बदलला गेला. त्यांच्या हाती काय होतं? झाडांची नावं होती. ‘झाडं तोडू नका’ म्हणणारा सहज बाजूला सारला जातो. ‘ही उर्वशी, हा कृष्णवड, ही गोरखचिंच’ असं सांगणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या गावात अशी बाग नसेल, तर ती करता येते. शाळेची, देवळाची किंवा ग्रामपंचायतीची एकदोन एकर जमीन पुरे. आधी आपल्याच मुलखातली झाडं घ्या: बेहडा, अर्जुन, कुसुंब, बकुळ, सीतेचा अशोक. एका जातीचं एकच रोप लावू नका. एक गेलं तर दुसरं राहावं. आजच्या रोपाकडे पाहून अंतर ठरवू नका, पन्नास वर्षांनंतरच्या झाडाकडे पाहून ठरवा. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. लावणारे हात जातात, वही राहते.

येत्या रविवारी बागेत गेलात, तर वाघ जरूर पाहा. पण परतण्याआधी ज्या झाडाखाली डबा उघडलात, त्याची पाटी वाचा. पाटी नसेल तर माळीदादांना विचारा. ते एक नाव मुलाला सांगा. पुढच्या खेपेला तो वाघाआधी त्या झाडाकडे धावला, तर त्या झाडाला एक वाली मिळाला असं समजा.