विहाराचे आवार, पानगळ आणि आपली सफाई

(संस्थेच्या श्रमदान कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला आवाराच्या स्वच्छतेवर दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही कृषितज्ज्ञ नाही. बँकेत जमा-नावे सांभाळणारे कारकून आहोत आणि कॉलेजात शिकलो ते कला शाखेचे विषय. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती आपल्यापुढे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या विहाराची मोठी सफाई वर्षातून दोनदा होते. पहिली आश्विनात, पाऊस ओसरल्यावर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या दिवसांच्या तयारीसाठी आवारातील तरोटा, गवत, गाजरगवत आपण उपटतो. दुसरी सफाई 14 एप्रिलपूर्वीची. तोवर साग आणि पळस झडलेले असतात, पिंपळाचीही पाने खाली आलेली असतात. दोन्ही सफाईंचा शेवट मात्र एकच असतो : कोपऱ्यात ढीग आणि वर आगपेटीची काडी.

काही वर्षांपूर्वी जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही असाच ढीग पिंपळाच्या बुंध्याजवळ पेटवला. ढीग रात्रभर धुमसत राहिला. सकाळी आवार चकचकीत दिसत होते, चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. आम्ही खूश होतो. पण वंदनेला नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक वयस्क उपासिका त्या दिवशी फाटकाबाहेरच बसून राहिल्या. त्यांना दम्याचा त्रास होता. आत या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बाबू, तुमची सफाई झाली, पण मला श्वास घेता येत नाही." पुढे पावसाळ्यात पिंपळाची त्या बाजूची साल फुटली आणि एक फांदी वाळली. आम्ही जिला सफाई समजलो, तिने एका माणसाला आणि एका झाडाला इजा केली. मग त्या सफाईचा अर्थ काय राहिला?

पाने जळताना जो धूर निघतो त्यात अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण असतात. ते नाकातील केसांना अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्याचा जास्त त्रास होतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा असा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असे जाळणाऱ्याकडून 5,000 रुपये वसूल करण्याचा आदेश दिला. पण दंडाच्या भीतीने नव्हे, समजून उमजून आपण थांबावे, असे आम्हाला वाटते.

कोणी म्हणेल, राखही खतच आहे. अर्धे खरे आहे. राखेत पालाश आणि चुना राहतो, पण नत्र बहुतेक धुरातून निघून जाते आणि माती भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय भाग जळून जातो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर झाड वर्षभर मातीच्या खात्यातून उचल करते आणि पानगळीत त्यातली बरीच रक्कम परत भरते. ती भरणा-रक्कम आपण काउंटरवरच जाळून टाकतो आणि पुन्हा बाजारातून खताची पिशवी विकत आणतो.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट अंगणापुरती राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. ती पालापाचोळ्यात नीट दिसावीत म्हणून झाडाखालची पाने पेटवली जातात आणि वाऱ्याबरोबर आग जंगलात शिरते. तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणूनही आगी लावल्या जातात. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम. मोह वेचणाऱ्यावर बोट ठेवणे सोपे आहे. त्याचे पोट त्यावर आहे. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून फुले गोळा करता येतात, हे त्याला सांगायला आपण जाऊ, तेव्हा तो विचारील, "तुमच्या आवारात काय करता?" त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर हवे.

गावाने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदू तोडताना फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, हे ओळखून त्या ग्रामसभेने तेंदूचा पैसा सोडला आणि बांबूवर उत्पन्न उभे केले. आपल्याला तर काहीच सोडायचे नाही, फक्त आगपेटी खिशात ठेवायची आहे.

मग पानांचे करायचे काय? आपल्या विदर्भातीलच पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यावर आयुष्य घालवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला नाडेप म्हणतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे. हवा खेळावी म्हणून भिंतीत भोके ठेवायची. तळाशी 6 इंच पालापाचोळा, त्यावर 4 किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली कोरडी माती. असे 10-12 थर झाले की वरून माती-शेणाने लिंपायचे. ओल टिकवली तर 90 ते 120 दिवसांत खत तयार होते. विटांना पैसे नसतील तर बांबूच्या तट्ट्याचा गोल कूड करून त्यात भरले तरी चालते, वेळ थोडा जास्त लागतो. सागाचे पान मोठे असते. अख्खे टाकले तर एकावर एक बसून पाणी अडते, म्हणून ते आधी चुरून घ्यावे. आश्विनातले हिरवे तण आणि फाल्गुनातली कोरडी पाने मिसळली तर लवकर कुजते. तरोटा आणि गाजरगवत बी धरण्याआधीच उपटावे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. प्लास्टिक, द्रोण-ग्लास वेगळे काढावेत. पाणी साचणारे डबे, करवंट्या, टायर आश्विनातच उचलावेत, कारण मलेरियाची आपल्या जिल्ह्याला चांगलीच ओळख आहे.

माता-भगिनींची एक भीती रास्त आहे : ढिगात साप-विंचू येतील. म्हणून टाके भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे. ढिगात उघडा हात घालू नये, दाताळे वापरावे, पायात बूट असावेत. वाट आणि वंदनेची जागा रोज झाडावी. झाडाच्या आळ्यातली पाने मात्र तशीच राहू द्यावीत, त्याने ओल टिकते. फक्त ती बुंध्याला टेकवू नयेत.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. मागे एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "काका, शेण आणि खराटा पुन्हा आपल्याच हातात का?" प्रश्न खोटा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांवर गावाची घाण जन्माने लादली गेली होती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्ट्यावर जगू नका, असे सांगितले. ते विसरून कोणी आपल्याला खराटा देत असेल तर तो फेकूनच द्यावा. पण खराट्यात कमीपणा नव्हता. कमीपणा एकाच्याच हातात तो कायमचा देण्यात होता. गाडगेबाबांनी तो स्वतःच्या मर्जीने उचलला आणि गावोगावच्या माणसांच्या हाती दिला.

म्हणून आमची सूचना अशी आहे. टाके बांधायचेच, पण त्याची पाळी लावायची. पाळीत अध्यक्षांचे नाव, मास्तरांचे नाव, पुरुषांची आणि स्त्रियांची नावे सारखीच असावीत, आणि पहिल्या रविवारी आमचे नाव लिहावे. विद्यार्थ्यांनी थरांची आणि दिवसांची नोंद वहीत ठेवावी. पहिले खत त्या पिंपळाच्या आळ्यात पडावे.

त्या उपासिका आता आपल्यात नाहीत. फाटकाबाहेर बसण्याची वेळ यापुढे कोणावर येऊ नये, एवढे आपल्या हातात आहे. 

जय भीम.