सोलापूरहून बर्फाच्या गावाला



सोलापूरकडच्या माणसाला बर्फ म्हटले की उन्हाळ्यातला गोळा आठवतो, नाहीतर उभे पीक झोडपणाऱ्या अवकाळीच्या गारा. पिंजलेल्या कापसासारखा अलगद, बिनआवाज उतरणारा बर्फ आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना तो एकदा दाखवावा, जाता जाता आग्रा-दिल्लीही पाहावी, असे पुष्कळांच्या मनात असते. असा प्रवास घरात वारंवार होत नाही. तेव्हा तो नीट आखला पाहिजे.

पहिली अडचण वेळेची. शाळेच्या मोठ्या सुट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. सिमल्याचा बर्फ मात्र साधारण डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. नाताळात तेथे ही गर्दी लोटते, खोल्यांचे भाव चढतात, आणि इतके करून बर्फ दिसेलच असे नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी वादळे हिमालयाला धडकली, तर तो पडतो. त्या वादळांचे वेळापत्रक कोणत्या स्टेशनावर लावलेले नसते! माझे मत विचाराल, तर सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा घरीच करावी, २६ जानेवारीचे झेंडावंदन उरकावे आणि मग निघावे. ज्वारीची काढणी अंगावर येण्याच्या आत परत यावे. दहावी-बारावीच्या शिक्षकांना हे जमायचे नाही; त्यांनी नाताळ गाठावा, पण बर्फाची आशा बेताचीच ठेवावी.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस मनमाड-भोपाळवरून आग्र्याला आणि पुढे दिल्लीला जाते. तिकिटे ६० दिवस आधी मिळू लागतात. त्यात हयगय नको. आग्र्यालाच आधी उतरा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. हे दोन वार कागदावर लिहा आणि मगच तारखा ठरवा. थंडीच्या धुक्यात उत्तरेकडच्या गाड्या कित्येक तास रखडतात, म्हणून उतरल्याबरोबर लगेच दुसरी गाडी पकडण्याचा बेत करू नका.

दिल्लीहून काल्क्याकडे जाताना वाटेत पानिपत लागते. बरोबर मुले असली तर येथे एक दिवस अवश्य काढावा. काला आंबचे स्मारक शहराबाहेर आहे. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराची थंडी, आणि आपली फौज उपाशी! पुस्तकात वाचलेली ती थंडी तेथल्या वाऱ्यात उभे राहिले की पोरांना न सांगता कळते.

काल्क्याहून सिमल्याला छोटी गाडी जाते. १९०३ साली सुरू झालेली ही ९६ किलोमीटरची वाट शंभरावर बोगद्यांतून वर चढते. पाच-सहा तास लागतात. मोटारीने लवकर पोचता येते हे खरे, पण खिडकीशी बसलेल्या पोराला विचारून बघा.

आता कपड्यांचे. आपली सोलापुरी चादर कितीही नावाजलेली असली, तरी ती सुती. ओली झाली की तिची ऊब गेली. अंगावर लोकर हवी. पायांत खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. चपला-वहाणा तेथे कामाच्या नाहीत. रात्री रस्त्यावरचे पाणी गोठते आणि सकाळी तो काचेसारखा थर नजरेला येत नाही. म्हाताऱ्या माणसांना ऊन चांगले वर आल्याशिवाय बाहेर काढू नका. परमुलखात पाय मोडला तर सहल तेथेच संपली. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. आठवडाभर काही होत नाही.

सिमल्यात तीन रात्री तरी ठेवा. गावात बर्फ नसला तर तेरा-चौदा किलोमीटरवर कुफरी आहे, ती आणखी उंचावर. तेथेही नसला तर साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नारकंडा. शिक्षकांनी सिमल्याच्या रिज मैदानावर मुलांना उभे करून नकाशा उघडावा. एका बाजूचे पाणी सतलजेतून अरबी समुद्राकडे जाते, दुसऱ्या बाजूचे यमुनेतून बंगालच्या उपसागराकडे. आपल्या भीमेचे पाणीही कृष्णेतून त्याच उपसागराला मिळते. मात्र भीमा सारी पावसावर, आणि सतलजेला उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचे पाणी येते. फरक का पडतो, ते मुलांनाच शोधू द्या.

शेवटी परतीचे. जोराचा बर्फ पडला की डोंगरातले रस्ते एखाद-दोन दिवस बंद पडतात. म्हणून सिमला सोडण्याचा दिवस आणि दिल्लीहून परतीच्या गाडीचा दिवस यांत एक दिवस मोकळा ठेवा. रस्ते उघडेच राहिले, तर लाल किल्ला त्या दिवशी पाहता येईल. फक्त तो सोमवार नाही ना, एवढे बघा.