पाळी गेल्यानंतरच्या गोळ्या आणि स्तनाचा कर्करोग



विरारहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणी असतात. ऐन गर्दीत अंगातून वाफा निघतात, घामानं ब्लाऊज भिजतो. आदल्या रात्रीची झोप आधीच उडालेली असते. भारतात पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. या त्रासावर हॉर्मोनच्या गोळ्यांइतकं गुणकारी औषध नाही. तरीही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की वसईतली बाई हळूच विचारते, “यानं कॅन्सर होतो ना?”

या भीतीला आधार आहे. जुलै 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यात 16,608 स्त्रिया होत्या. गोळी न घेणाऱ्या 10 हजार जणींत वर्षाला 30 जणींना स्तनाचा कर्करोग होत होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हॉर्मोन्स एकत्र घेणाऱ्यांत 38 जणींना. बातमी जगभर पसरली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडून दिल्या.

पण सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत.

नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि तिथे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. म्हणून गर्भपिशवी असलेल्या स्त्रीला त्याच्या जोडीला प्रोजेस्टिन देतात. पिशवी काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, आणि स्तनाच्या दृष्टीनं ते बरंच सौम्य ठरतं. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी छापली. पन्नाशीत सुरू करून दोन्ही हॉर्मोन्स रोज पाच वर्षं घेतली, तर पुढच्या काळात अशा 50 जणींमागे एकीला जास्तीचा कर्करोग होतो. नुसत्या इस्ट्रोजेननं 200 जणींमागे एकीला. वर्षं वाढली की धोकाही वाढतो. योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमानं मात्र असा धोका वाढल्याचं दिसलं नाही. आधी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर या गोळ्या सहसा देत नाहीत.

गोळी घेतली वा टाळली, तरी पन्नाशीनंतर स्तनांची तपासणी चुकवू नये. याचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या 1,51,538 स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत, अशा चार फेऱ्या झाल्या. महागडं यंत्र नव्हतं. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी पार केलेल्या स्त्रियांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले होते. गाठ लहान असतानाच हाताला लागली, म्हणून उपचार वेळेत झाले.

सरकारी आरोग्य कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. तेव्हा नालासोपाऱ्यातल्या, अर्नाळ्यातल्या, वसई गावातल्या मैत्रिणींनो, जवळच्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा. आणि हॉर्मोनची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: यात कोणतं हॉर्मोन आहे, ती किती वर्षं घ्यायची आणि पुन्हा तपासायला कधी यायचं. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.