मालकाच्या मळ्यातला हसरा मजूर



कामगार चळवळीतल्या माणसाने मुलांच्या चित्रपटावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलणार आहोत त्यात मालक आहे, मजूर आहे, आणि मजूर सुखात आहे असे सांगणारा तिसराच कोणी पडद्यामागे आहे. तेव्हा विषय आमच्या हद्दीतलाच म्हणायचा.

चित्रपटाचे नाव ‘साँग ऑफ द साउथ’. वॉल्ट डिस्ने यांनी तो १९४६ साली काढला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका मळ्यावर जॉनी नावाचा गोरा मुलगा आजीकडे येतो. वडील दूर गेलेले, पोर कष्टी. त्याला अंकल रीमस हा काळा म्हातारा धूर्त सशाच्या गोष्टी सांगून रमवतो. जिवंत माणसे आणि चित्रातले प्राणी एकाच चौकटीत वावरतात. त्यातल्या एका गाण्याला ऑस्कर मिळाले. पाहताना आम्हीही रमलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मग बोचते काय? मळ्यावरचे काळे मजूर गात कामाला जातात आणि गात परततात. ते गुलाम की मोकळे, हे चित्रपट उघड सांगत नाही. शेवटी रीमस मळा सोडून जायला निघतो, त्यावरून काळ १८६५ च्या गुलामीबंदीनंतरचा धरावा लागतो. पण मोकळा झालेला तिथला मजूरही वाट्याने जमीन कसून मालकाच्या कर्जात रुतलेला असे. मजुरी किती, हिशेब कोणाच्या वहीत, याचा पडद्यावर मागमूस नाही.

काही लोक म्हणतात, कालच्या गोष्टी आजच्या फूटपट्टीने मोजू नका. हे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण इथे लागू पडत नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचे वॉल्टर व्हाइट यांनी १९४६ सालीच चित्रपटातली कारागिरी वाखाणली आणि त्याच दमात गुलामीचे गोड चित्र रंगवल्याबद्दल खेद व्यक्त केला. चित्रगृहांपुढे निदर्शने झाली. म्हणजे फूटपट्टी तेव्हाही होती; ती कोणाच्या हातात होती एवढाच प्रश्न.

आता त्या गोष्टींकडे वळू. त्या जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने १८८० साली पुस्तकरूपाने छापल्या. १८६२ च्या सुमारास तो कोवळ्या वयात जॉर्जियातल्या एका मळ्यावरच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकत होता, आणि तिथल्या गुलामांच्या तोंडून त्याने त्या ऐकल्या. त्यांत डांबराच्या बाहुल्याची गोष्ट आहे. ससा त्याला मारायला जातो आणि हातापायांनी चिकटून बसतो. आपल्या पंचावुध जातकातला राजपुत्रही चिकट केसांच्या राक्षसाला असाच चिकटतो. या दोन गोष्टींत नाते आहे का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे.

नाते असो वा नसो, गुलामांनी ससा का निवडला हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. कोल्हा आणि अस्वल बलदंड. ससा दुबळा, पण अक्कल त्याची. ज्यांना मालकापुढे तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्यांनी सशाच्या तोंडून बोलून घेतले. चित्रपटाने तीच गोष्ट मालकाच्या नातवाची करमणूक करून टाकली. आमच्या मते खरी लूट इथे झाली. हॅरिसच्याच गावात, ईटनटनला, १९४४ साली जन्मलेल्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनीही आमचा वारसा आमच्याकडून हिरावला गेला, अशीच तक्रार केली आहे.

रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट यांची कथा तर चित्रपटाहून बोलकी आहे. नोव्हेंबर १९४६ मध्ये अटलांटा शहरात पहिला खेळ थाटात झाला. शहरात वर्णभेदाचे नियम, त्यामुळे मुख्य नट समारंभाला येऊ शकला नाही. मार्च १९४८ मध्ये त्यांना मानाचे ऑस्कर मिळाले. असे पारितोषिक मिळवणारे ते पहिले काळे पुरुष. जुलैमध्ये ते वारले.

कंपनीने चित्रपट १९५६, १९७२, १९८० आणि १९८६ साली पुन्हा दाखवून पैसा मिळवला. मग अमेरिकेत तो कुलपात गेला; घरी पाहण्याची फीतही तिथे काढली नाही. पण १९८९ साली त्याच सशावर करमणूक बागेत जलसफर उभी राहिली. ती अमेरिकेत २०२३ साली बंद झाली. चित्रपट आजच्या प्रेक्षकांना योग्य नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी २०२० साली सांगितले.

ज्यांच्या मुलांना ‘डांबराचा बाहुला’ म्हणून हिणवले गेले, ते आईबाप म्हणतील, राहू द्या कुलपात. त्यांच्या दुःखाला आम्ही मान देतो. परंतु किल्ली कोणाकडे आहे? ज्यांचा अपमान झाला त्यांच्याकडे नाही. ज्यांनी नफा घेतला त्यांच्याकडे. आणि कुलपात बास्केट यांचे कामही अडकले आहे.

एका कारखान्याच्या महोत्सवाची स्मरणिका आमच्याजवळ आहे. पानोपानी हसरे कामगार. त्या वर्षी यांतलेच कित्येक जण सोळा आठवडे फाटकाबाहेर बसले होते. ती आम्ही फाडली नाही. नव्या पोरांना दाखवतो आणि कोणत्या छायाचित्रातला कोण तेव्हा कुठे होता, ते सांगतो.

या चित्रपटाचेही तसेच करावे. लहानग्यांपुढे एकटा सोडू नये; जाणत्यांना दाखवावा, आधी इतिहास सांगून, आणि सांगणाऱ्यांत त्या मजुरांचे वंशज असावेत. आपल्या रंगभूमीवरचा विनोदी ‘रामा गडी’ आठवून आपणही थोडे अस्वस्थ व्हावे. तो हसवत होता, पण त्याचा पगार किती होता, हे आपण कधी विचारले होते?